किरकोळ दुरुस्ती

निरोप आला तेव्हा तिचं बोट डोळ्यांच्या थेंबांवर होतं. म्हणजे थेंबांच्या खोक्यात पातळ कागदाची जी घडी असते तिच्यावर. तो मजकूर छापायला जाण्याआधी वाचणं हे तिचं काम. बोट ओळीखाली, पेन्सिल कानावर, ओठ किंचित हलते. थेंब घातल्यावर डोळे मिटून स्वस्थ बसावे. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. छापखान्याच्या या मागच्या खोलीतून औषधांची लेबलं, खोकी, घड्या सगळं तिच्या नजरेखालून जायचं आणि तिची सही झाल्याशिवाय पुढचं यंत्र सुरू होत नसे. यंत्रावरचा माणूस म्हणायचा, बाईंच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही. ती नुसती हसायची, पण तिला ते आवडायचं. टेबलावरचा फोन उजळला तशी तिनं मान न वळवता तिकडं पाहिलं, आणि पहिलीच ओळ अशी होती की बोट ओळीवरून निसटलं. ‘नमस्कार. मी मास्तरांची मुलगी. आपली ओळख नाही, पण आमच्या घरात तुमचं नाव रोज निघतं.’

पुढं लिहिलं होतं, ‘बाबा डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. गॅस चालू ठेवून फिरायला जातात. मला मावशीच्या नावानं हाक मारतात. काही म्हटलं की संगणक उघडून पानं दाखवतात. म्हणतात, हे आजारी माणसाचं लिहिणं आहे का? एक चूक काढून दाखव. मी परवा बसून सगळं वाचलं. मला खरंच एक चूक सापडली नाही. म्हणतात, त्या कंगवाबाईंना विचार, त्या माझं अक्षर न् अक्षर वाचतात. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला काय वाटतं? ते बरे आहेत का?’

तिनं ते वाचलं, आणि वाचतावाचता सवयीनं त्यातली एक राहून गेलेली मात्राही मनातल्या मनात लावून टाकली. ‘मला खरंच एक चूक सापडली नाही’ या वाक्याशी ती थांबली आणि तिला बरं वाटलं. नाकारण्यात अर्थ नाही, आधी बरंच वाटलं. कुणीतरी पाठीवर थाप मारावी तसं. एक परकी बाई सगळी पानं वाचते आणि तिला एक चूक सापडत नाही. मग ते बरं वाटणं तिथल्या तिथं आंबलं. तिनं फोन पालथा घातला. बोट पुन्हा ओळीखाली ठेवलं. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. तीच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत होती आणि ओळ काही पुढं सरकत नव्हती.

मास्तरांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते दुसऱ्याच कुठल्या शहरात राहायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, बायको गेली, स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी शाळांचं वेळापत्रक बसवून देणारं एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. कोणता शिक्षक, कोणता वर्ग, कोणता तास. दोन शिक्षक एका खोलीत जाऊ नयेत, एक शिक्षक दोन खोल्यांत जाऊ नये. जन्मभर जे फळ्यावर खडूनं सोडवलं ते संगणकाकडून सोडवून घ्यायची त्यांना हौस. ते फुकट होतं आणि उघडं होतं, म्हणजे कुणीही आत शिरून पाहावं, काही खटकलं तर दुरुस्त करून पाठवावं आणि मास्तरांनी एक बटण दाबून ती दुरुस्ती पदरात घ्यावी. तिचा नवरा शाळेत खेळ शिकवतो. त्याच्या शाळेनं हे सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा वापरायच्या सूचनांची पानं तो घरी घेऊन आला आणि तिच्यापुढं टाकून म्हणाला, “घे, तुझं खाणं आणलंय.” खरंच मेजवानी होती. मास्तरांचं गणित पक्कं आणि लिहिणं धांदरट. तिनं चहा निवू दिला आणि पान संपवलं. मग नवऱ्यानंच कुठं काय दाबायचं ते दाखवलं आणि तिनं ती दुरुस्ती पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर, ‘आभारी आहे. आपण कोण?’ व्यसनं अशीच लागतात. तिथं कुणी खऱ्या नावानं वावरत नसे. कोडमधले बिघाड ठोकूनठाकून सरळ करणारा एक गृहस्थ होता, त्याला हातोडा म्हणत. हिच्या हातून काही निसटत नाही म्हणून मास्तरांनी हिचं नाव कंगवा ठेवलं, आणि पुढं मान राखून कंगवाबाई. नवरा त्यांना ‘तुझे ते संगणकातले सासरे’ म्हणायचा.

सूचनांची पानं संपली तेव्हा ती कोडमध्ये शिरली. कोडचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कोडच्या ओळींच्या डोक्यावर मास्तर माणसांसाठी दोन शब्द लिहून ठेवत. खाली काय चाललंय ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून. यंत्र त्या ओळी वाचतच नाही, ओलांडून पुढं जातं. हे नवऱ्यानं सांगितलं तेव्हा तिला गंमत वाटली होती. म्हणजे त्या ओळी वाचणारी जगात बहुतेक ती एकटीच. आणि मास्तर तिथं गप्पा मारल्यासारखं लिहायचे. ‘इथे मधल्या सुट्टीचा हिशेब आहे. मुलांना भूक लागते हे गणितात बसत नाही, म्हणून तो वेगळा केला आहे.’ ‘चित्रकलेचा तास शेवटी टाकू नये, रंग वाळत नाहीत.’ दिवसभर ती जे वाचायची त्यात कुणी कुणाशी बोलत नसायचं. थेंब घालावेत, मलम लावावे, मुलांपासून दूर ठेवावे. आणि संध्याकाळी घरी येऊन हे. प्रत्येक दुरुस्तीबरोबर ती कसली आहे ते दोन शब्दांत लिहावं लागे. तिनं पहिल्या दिवशी लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. मग रोज तेच लिहायची.

आता लेबलांच्या गठ्ठ्यापुढं बसून ती स्वतःला विचारत होती की कधी कळलं. लक्षात आलं नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. ज्या बाईच्या नजरेतून मुंगी सुटत नाही तिला हे कसं सुटेल? मास्तरांच्या आधीच्या चुका घाईच्या होत्या. हात मनाच्या पुढं धावला की होतात तशा. त्या चुका तिला नवऱ्याच्या पावलांसारख्या ओळखू यायच्या. गेल्या उन्हाळ्यात, घरातले पंखे नुकते लागले होते तेव्हा, त्यांची चाल बदलली. वाक्य निघायचं आणि क्रियापदापाशी पोचायचंच नाही. तीच ओळ एकाखाली एक दोनदा यायची, दुसऱ्यांदा एखादा शब्द गळालेला. खोलीला वर्ग, वर्गाला घर. तिनं वाक्यांना शेपट्या लावल्या, जुळी वाक्यं काढून टाकली, घराचा वर्ग केला. त्यासाठी तिला मास्तरांच्या आवाजात लिहावं लागलं आणि ते तिला जमलं. किती छान जमलं. मास्तर बटण दाबून म्हणायचे, ‘आभारी आहे. मला हेच म्हणायचं होतं.’ आणि ती त्या दिवशी भाजी चिरताना गुणगुणायची. हेच आता तिला सलत होतं. ते घसरत होते आणि तिच्या हाताला चांगलं काम मिळत होतं. ती खूश होती. वर्षभरात तिला इतकं बरं कशानंच वाटलं नव्हतं.

आणि ती दुधाची ओळ. शनिवारचे तास अर्ध्यावर कसे तोडायचे ते सांगणाऱ्या कोडच्या डोक्यावर, जिथं दोन शब्द समजुतीचे असायचे तिथं, मास्तरांनी लिहिलं होतं, ‘दूध आलं का बघ. मी इथंच आहे.’ तिनं ते वाचलं, दोनदा वाचलं. बायको गेलेली आहे हे तिला माहीत होतं, मास्तरांनीच कधीतरी लिहिलं होतं. खिडकीबाहेर शेजारीण दोरीवरून कपडे काढत होती, चिमटे टोपलीत पडल्याचा आवाज येत होता. मग तिनं ती ओळ खोडली आणि लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. चुकून दुसरीकडचं इथं पडलं असेल, असं स्वतःला सांगितलं. नंतर तशा आणखी ओळी आल्या. ‘खिडकी लाव, वारा सुटलाय.’ ‘तू जेवून घे, माझी वाट बघू नको.’ तिनं सगळ्या वेचून काढल्या, तांदळातले खडे काढावेत तशा.

संध्याकाळी ती चालतच घरी निघाली. एरवी ती रस्त्यावरच्या पाट्या वाचत जायची. कुलपं दुरुस्त करून मिळतील, जुने टायर, दातांचा दवाखाना पहिला मजला. प्रत्येक पाटीत तिला काहीतरी सापडायचं आणि तेवढाच रस्ता सरायचा. आज पाट्या नुसत्या येत होत्या आणि जात होत्या. मुलीला काय लिहायचं ते ती मनात जुळवत होती. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सांगता येणार नाही. हे एक होतं. वयोमानानं थोडंफार व्हायचंच. हेही एक होतं. दोन्ही वाक्यं धडधाकट होती, त्यात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. पुलावर तिला वाटलं की खरं सांगायचं तर ते काढूनच घेतील मास्तरांच्या हातून सगळं. तो हातोडा किंवा आणखी कुणी मालक होईल, मास्तर खुर्चीत बसून भिंत बघतील आणि ती ज्या गप्पा वाचायची त्या बंद होतील. हे शेवटचं मनात आलं तशी ती कठड्याला धरून उभी राहिली. विचार मास्तरांचा चालला होता की स्वतःच्या संध्याकाळचा?

नवरा फरशीवर फतकल मारून गोलपोस्टची फाटकी जाळी विणत बसला होता. तिनं चप्पल काढायच्या आत त्याला सगळं सांगितलं. तो गाठ मारायचा थांबला नाही.

“मग? तुला कुठं वैद्यकी येते?”

“वाचता तर येतं.”

“अगं, म्हातारा माणूस आहे. विसरतो. मी नाही शिट्टी गळ्यात घालून घरभर शिट्टी शोधत?”

“तुम्ही गेलेल्या माणसाला दूध आलं का बघ म्हणून सांगत नाही.”

आता तो थांबला. “असं लिहितात?”

“लिहायचे. मी काढून टाकायचे.”

“कुणाला सांगितलं नाहीस.”

“तुम्हाला सांगितलं नाही म्हणजे कुणालाच नाही.”

त्यानं जाळी बाजूला सारली. म्हणाला, “या सहामाहीत वेळापत्रकानं मला एकाच तासाला मैदानावर पण टाकलं होतं आणि सातवीच्या वर्गात पण. आम्ही हसलो होतो. मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांनी मला बढती दिली.” हे सांगताना तो हसला नाही. ती आत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

तिचे वडील शिंपी होते. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा. तिच्या शाळेच्या शेवटच्या वर्षांत त्यांचे डोळे अधू होत गेले आणि शिवण वाकडी जायला लागली. आई सकाळी ते उठायच्या आत पडद्यापलीकडं जायची, आदल्या दिवशीचे शिवलेले कपडे उलटे करून बघायची, वाकडी शिवण उसवायची आणि हातानं टीप घालून सरळ करायची. ती अंथरुणात पडल्यापडल्या पडद्याखालून आईचे पाय बघायची. एकदा तिनं विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, “तुझ्या बाबांचा हात सुटता कामा नये गं. एकदा हात सुटला की माणूस बसला.” वडील दिवसा गिऱ्हाइकाला सदरा उलटा करून दाखवायचे, बघा टीप, आहे कुठं वाकडी? आई पडद्याआड भांडी लावत असायची. मग एकदा एका गिऱ्हाइकानं लग्नाच्या कोटाचं कापड आणून दिलं आणि वडिलांनी ते आरपार कापलं, जिथं कापायचं नव्हतं तिथं. उसवता येईल असं ते नव्हतं. गिऱ्हाईक कापडाचे दोन तुकडे काखेत मारून गेलं. वडील कात्रीकडं बघत होते. मग त्यांनी आईला विचारलं, “मला दिसत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं?” आईनं काय उत्तर दिलं ते तिला आठवत नाही. वडील त्यानंतर आणखी पुष्कळ जगले आणि आईशी नीट बोलत, पण आईनं चहा आणून ठेवला की आधी हातानं कप चाचपून बघत, जणू तिथं कप असल्याचं तिच्या तोंडचं खरं वाटत नसावं. हे सगळं तिला ठाऊक होतं. आईचे ते पाय तिनं पडद्याखालून रोज बघितले होते. तरी तिनं तेच केलं, आणि आईला निदान त्या माणसाबरोबर संसार करायचा होता.

तोंड पुसून तिनं संगणक उघडला तर मास्तरांचं नवं पान आलेलं. मधल्या सुट्टीबद्दलच होतं. एकच परिच्छेद तीनदा, प्रत्येक वेळी थोडा आखूड. पहिल्यात मुलांना भूक लागते, दुसऱ्यात मुलांना लागते, तिसऱ्यात नुसतं मुलांना. आणि खाली, ‘आज ती जेवली नाही. विचारलं तर बोलत नाही.’ तिला भडभडून आलं. डोळे भरलेले, समोरचं धूसर, आणि जरा वेळानं तिच्या ध्यानात आलं की बोटं चाललेली आहेत. दुसरा परिच्छेद गेला होता, तिसरा गेला होता, ती जेवली नाही हेही गेलं होतं. पान लख्ख झालं होतं. चौकटीत किरकोळ हा शब्दसुद्धा उमटलेला होता. मन रडत होतं आणि हात आपलं काम करत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तिनं हात मांडीवर घेतले आणि दुसऱ्याचे असावेत तसे त्यांच्याकडं पाहिलं. मग पान न पाठवता तसंच बंद केलं आणि मुलीला एक ओळ लिहिली, ‘मला तुमच्याशी बोलायचं आहे.’ खाली आपला नंबर दिला.

मुलीचा फोन दुसऱ्या दिवशी कामावर असतानाच आला. छापखान्याच्या मागच्या जिन्यात शाईचे रिकामे डबे रचलेले असतात, तिथं एका पायरीवर ती बसली. भिंतीपलीकडं यंत्र धडधडत होतं.

“ताई, तुम्ही कामात असाल.”

“आहे. पण बोला. नाही, थांबा, मीच बोलते.” तिनं जिन्याचा कठडा धरला. “ते बरे नाहीत.”

मुलगी हळूच म्हणाली, “पण पानं तर…”

“तुम्ही बघता ती पानं त्यांची नाहीत. म्हणजे त्यांचीच, पण मी निस्तरलेली. त्यांची आधीची वेगळी असतात. सगळी जपलेली असतात तिथं, आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी, फक्त मुद्दाम कुणी बघत नाही. मी काढून देते तुम्हाला. डॉक्टरांना दाखवा.”

“कधीपासून आहे हे?”

“गेल्या उन्हाळ्यापासून.”

“उन्हाळ्यापासून,” मुलगी म्हणाली. “आणि तुम्हाला दिसत होतं.”

“मला तुमचा नंबर कुठं माहीत होता,” ती म्हणाली, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडतापडताच तिला त्याची जात कळली. “नाही. मास्तरांनाच लिहिता आलं असतं. हातोड्याला विचारता आलं असतं. विचारलं नाही मी.”

मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, “गेल्या उन्हाळ्यातच मी बाबांना म्हटलं होतं, तुम्ही विसरायला लागलात, दाखवून घेऊ. त्यांनी ही पानं काढून माझ्यापुढं ठेवली. मी वाचली आणि मलाच माझी लाज वाटली. मी माफी मागितली त्यांची. त्यानंतर वर्षभर मी तो विषय काढला नाही.”

यंत्र थांबलं.

“त्यांच्या त्या ओळींत काय असायचं?” मुलीनं विचारलं. “तुम्ही काढलेल्या.”

“दूध आलं का बघ. खिडकी लाव. जेवून घे.”

“आईला,” मुलगी म्हणाली. मग म्हणाली, “ताई, एक करा. आता दुरुस्त करू नका. त्यांचं त्यांना दिसू दे.”

करू नका म्हणणं सोपं होतं. पहिल्या दिवशी तिनं संगणक उघडलाच नाही, दुसऱ्या दिवशी उघडला आणि पानं जशीच्या तशी पडलेली पाहिली. सगळ्यांसमोर, उघड्यावर. भर रस्त्यात ओळखीच्या माणसाच्या सदऱ्याची बटणं तुटलेली दिसावीत आणि आपण खांबाला टेकून बघत उभं राहावं असं ते होतं. ती रोज बघायची. तेवढं तरी बघायचं असं तिनं ठरवलं होतं. बोटं शिवशिवायची म्हणून ती बघताना हात काखेत धरून बसायची. कधी वाटायचं, एकच ओळ, फक्त ती जेवली नाही एवढी एक. कुणाला काय कळणार आहे. मग आईचे पाय आठवायचे.

मध्येच हातोड्याचा निरोप आला, फक्त तिच्यासाठी. ‘कंगवाबाई, पानं का तुंबली आहेत? काय ते समजून घ्या. मीही वर्षभर मास्तरांचा कोड मागच्या मागं सरळ करतोय. एखादा घोटाळा सुटून जातो, पण शाळा चालतात. मी माझी बाजू सांभाळतो, तुम्ही तुमची सांभाळा.’ म्हणजे तोही. तिनं ते नवऱ्याला वाचून दाखवलं आणि नवरा म्हणाला, “कमाल आहे. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला उभा धरलाय, आणि त्याला वाटतंय आपणच चालतोय.” क्षणभर तिला हलकं वाटलं, पापात वाटेकरी मिळाला की वाटतं तसं. पण हातोडा त्या ओळी वाचत नसे, तो फक्त कोड बघायचा. दुधाची ओळ एकटीनं तिनंच वाचली होती. तिनं त्याला मुलीचा नंबर पाठवला आणि लिहिलं, ‘माझी बाजू मी सोडली आहे. तुम्हीही यांच्याशी बोला.’ त्याचं उत्तर आलं नाही.

मास्तरांचा निरोप मात्र आला. रविवारी सकाळी, नवरा बुटांना पॉलिश करत होता, ती उशांचे अभ्रे बदलत होती. तिनं पलंगाच्या कडेवर बसून वाचला.

‘कंगवाबाई, पानं पडून आहेत. तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही असं कधी करत नाही. पानं पडून आहेत. मी मुलीला म्हटलं बाई आजारी दिसतात. त्यांना चुका दिसेनात म्हणजे काहीतरी आहे. डोळे तपासून घ्या. आपल्या वयात हयगय करू नये. मुलगी मलाच म्हणते डॉक्टर डॉक्टर. मी म्हटलं आधी त्यांना ने. घरी आहे ना कुणी तुमच्या. मी इथं बसून काय करणार नुसती काळजी आणि पानं’

तिथंच संपलं होतं. तिनं अभ्रा तोंडावर धरला. नवरा एक बूट हातात घेऊन दारात आला. “काय म्हणतायत?”

“मी आजारी आहे म्हणतात. मी त्यांना सुधारत नाही म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय.”

नवरा बूट खाली ठेवून तिच्या शेजारी बसला. चुका दिसल्या होत्या मास्तरांना. म्हणजे बाईंना चुका दिसेनात हे त्यांना दिसलं होतं. चुका स्वतःच्या आहेत, हे कुठंतरी वाटेत गळून गेलं होतं, वाक्याची क्रियापदं गळायची तसं. की गळलं नव्हतं? इतके दिवस ते बटण दाबताना, मला हेच म्हणायचं होतं असं लिहिताना, त्यांना काय कळत होतं आणि काय नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. ती आणि तिची लख्ख पानं मध्ये आली होती. पण त्यांनी लिहिलं होतं, काळजी. ते शब्द ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली, एकही न हलवता.

मग तिनं उत्तर लिहिलं. ‘बरोबर ओळखलंत. डोळ्यांचंच असावं. तपासून घ्यायचं म्हणते, पण एकटीला धीर होत नाही. मी जाईन त्याच दिवशी तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडे जाल का? म्हणजे मला जायला बळ येईल.’ पाठवायच्या आधी तिनं वाचून बघितलं. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मास्तरांच्या आवाजात ती चांगलं लिहायची, आता स्वतःच्या आवाजातही तसंच लिहिलं होतं. बाहेरून सरळ, आतून वळवलेलं. त्यांचं चुकलेलं गणित तिनं याही वेळी हवं तसं करून घेतलं होतं. तिला स्वतःचा वीट आला. तरी तिनं पाठवलं. लगेच उत्तर आलं, जवळ बसून वाट बघत असावेत. ‘जातो. तुमच्यासाठी जातो. घाबरू नका.’

निदान आपल्याकडचं अर्धं तरी खरं असावं म्हणून ती ठरल्या दिवशी खरंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. नवरा म्हणाला, “तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?” पण रजा टाकून बरोबर आला, आणि बाहेरच्या बाकावर तिच्या पर्सवर हात ठेवून बसला. समोरच्या भिंतीवर चष्म्याची जाहिरात होती आणि तिच्यातल्या ठळक ओळीत एक चूक होती. ती चूक तिनं खुर्चीत बसता बसताच पाहिली होती. पर्समधला फोन थरथरला. मुलीनं लिहिलं होतं, ‘आत गेले. चाचण्यांना दोन तास लागतील म्हणतात. शर्ट इस्त्रीचा घालून आलेत. आत जाताना मला म्हणाले, माझं राहू दे, त्या बाईंचं काय निघालं ते आधी विचार. मला त्यांना काय सांगू?’

तिचा नंबर पुकारला. आत अंधार होता आणि समोर अक्षरांची पाटी उजळलेली, वर मोठी, खाली उतरत बारीक. डॉक्टरांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. ती वरून खालपर्यंत न अडखळता वाचत गेली. शेवटची ओळ संपली तेव्हा सवयीनं तिच्याही खालचं, कोपऱ्यातलं छापखान्याचं नाव वाचलं. डॉक्टर हसले. “ते आमच्याकडे कुणी वाचत नाही. नंबर नाही, मोतीबिंदू नाही, काही नाही. मग त्रास नेमका काय होतोय तुम्हाला? दिसत नाही का काही?”

तिनं मांडीवरच्या आपल्या हातांकडं पाहिलं. तिकडं ते इस्त्रीचा शर्ट घालून कुठल्यातरी खुर्चीत बसलेले असतील, कुणीतरी विचारत असेल, आज वार कोणता, आणि त्यांना तिची काळजी लागलेली असेल.

“दिसतं,” ती म्हणाली. “सगळं दिसतं मला, डॉक्टर. कधीपासून दिसतंय.”

डॉक्टरांनी दिवा लावला. ते पुढच्या पेशंटचा कागद शोधत होते.